ह्यांची एलसीवरची पोस्टिंग आणि निफाडचं आमचं घर

नोव्हेंबर २०२५ मध्ये ह्यांची पलटण नियंत्रण रेषेवरून, म्हणजे फौजेच्या भाषेत एलसीवरून, खाली उतरली. तोवरचा सगळा काळ मी निफाड तालुक्यात सासरी होते. त्यातच माझं पहिलं बाळंतपण झालं, मे २०२५ मधले गोळीबाराचे ते दिवस निघाले, आणि कागदांच्या मागे जे फिरावं लागलं ते फिरून झालं. आता जरा निवांत आहे, म्हणून लिहायला घेतलं. आमच्या जिल्ह्यातून, सिन्नर, चांदवड, येवला, निफाडमधून दरवर्षी कितीतरी मुलं भरती होतात. त्यांच्या घरात नव्याने आलेल्या मुलींना पहिली फिल्ड पोस्टिंग, म्हणजे सीमेकडची नेमणूक, आली की कुणाला काय विचारावं तेच कळत नाही. मलाही कळत नव्हतं. पलटणीचं नाव आणि जागा मी कुठेच लिहिणार नाही. तुम्हीही लिहू नका, अगदी नातेवाइकांच्या ग्रुपवरसुद्धा.

आमचं लग्न मे २०२३ मधलं. लग्नाची सुट्टी संपवून हे परत गेले आणि थोड्याच दिवसांत फोनवर म्हणाले, "मॅरेज सर्टिफिकेट काढ, पार्ट टू पडली पाहिजे." जवानाचं लग्न, मूल, सुट्टी, बदली, सगळं त्याच्या युनिटच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये यावं लागतं आणि तिथून रेकॉर्ड ऑफिसला नोंद व्हावी लागते. ती ऑर्डर पडत नाही तोवर बायकोला डिपेंडंट कार्ड मिळत नाही, आणि कार्ड नाही म्हणजे मिलिटरी हॉस्पिटल नाही, कँटीन नाही. बाकी सगळं राहू द्या, लग्नानंतर पहिलं काम हे करा.

गावात विवाह नोंदणी ग्रामपंचायतीत होते. लग्नपत्रिका, दोघांचे आधार, शाळा सोडल्याचे दाखले, फोटो आणि सह्या करायला तीन साक्षीदार लागले. प्रमाणपत्र मिळालं, जोडीचा फोटो काढला, मागे ह्यांचा नंबर, रँक, नाव लिहून सगळं युनिटला पाठवलं. दोन-अडीच महिन्यांनी कागद परत. कारण, प्रमाणपत्रावर माझं सासरचं नाव आणि आधारवर माहेरचं. मग आधार केंद्रात विवाह प्रमाणपत्र दाखवून नाव बदललं. त्याचे तेव्हा ५० रुपये होते. आधार बदलून आल्यावर पॅन, मग बँक, आणि मग पुन्हा युनिट. ऑर्डर पडायला जानेवारी २०२४ उजाडला. स्पेलिंगमधल्या एका अक्षरावरूनही कागद परत येतो, म्हणून आधी आधार नीट करून घ्या आणि बाकीच्या प्रत्येक कागदावर तेच स्पेलिंग, तोच क्रम ठेवा. आमच्या आडनावात एक 'डब्ल्यू' आहे, काही जण तिथे 'व्ही' लिहितात. मी एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात ते लिहून ठेवलं आणि प्रत्येक खिडकीवर ती चिठ्ठीच पुढे करायचे.

जुलै २०२४ च्या सुट्टीत हे आले तेव्हा पलटण एलसीवर जाणार हे ठरलेलं होतं. घरी सांगितलं ते तिसऱ्या दिवशी, ओट्यावर बसून. येताना नॉमिनेशनचे फॉर्म घेऊन आले होते. आर्मी ग्रुप इन्शुरन्स, एएफपीपी फंड (फौजेचा प्रॉव्हिडंट फंड), पगाराचं खातं, या सगळ्यात वारस कोण आणि कुणाला किती टक्के, ते तपासून नव्याने भरायचं होतं. लग्नाआधी भरलेल्या फॉर्मवर एकट्या आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, नाव होतं.

आई शेंगा फोडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "असलं अभद्र घरात लिहू नको." मीही उठून आत गेले. नानांनी, म्हणजे सासऱ्यांनी, मला परत बोलावलं, आईंनाही बसवलं. म्हणाले, "द्राक्षबागेचा विमा काढतो तेव्हा गारपीट व्हावी म्हणून काढतो का आपण? बस, वाच, समजून घे आणि सही कर." मग ह्यांनी एकेक फॉर्म वाचून दाखवला. सत्तर टक्के माझ्या नावे, तीस टक्के आईंच्या, असं सगळ्यांसमोर ठरलं. आई काही बोलल्या नाहीत, पण रात्री मला म्हणाल्या, "तीस कशाला, सगळं तुझ्याच नावे असू दे." मी म्हटलं, राहू द्या, तुम्ही पण ह्यांच्या आहात. हे बोलणं झालं म्हणून नंतरच्या काळात आमच्या दोघींमध्ये पैशावरून एक शब्दही आला नाही. कितीतरी घरांत हे बोलणं टाळलं जातं आणि पुढे सासू-सून कोर्टात उभ्या राहतात. टाळू नका. नवरा समोर असताना, आई-वडिलांसमोर करा.

त्याच सुट्टीत आम्ही जॉइंट खातं 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघांपैकी कुणालाही चालवता येईल असं, करून घेतलं आणि एक फाईल तयार केली. ह्यांच्या ओळखपत्राची आणि आधारची सही केलेली प्रत, लग्नाच्या पार्ट टूची प्रत, माझं कार्ड, विवाह प्रमाणपत्र, जोडीचे जास्तीचे फोटो, विम्याचे कागद. पहिल्या पानावर पलटणीच्या रिअरचा नंबर, पलटणीतल्या ह्यांच्या कंपनीच्या क्लार्कचा नंबर, आणि ह्यांच्याच कंपनीतल्या एका सुभेदार साहेबांच्या घरच्या वहिनींचा नंबर. पलटण पुढे गेली तरी थोडी माणसं मागच्या ठिकाणी असतात, त्यांना रिअर म्हणतात. घरच्यांसाठी सगळ्यात उपयोगाचा नंबर तोच. सुट्टी संपली, ऑगस्टच्या मध्यावर हे गेले. मला दिवस गेल्याचं त्यानंतर आठवड्याभरात कळलं, तेव्हा ते अजून प्रवासातच होते.

सप्टेंबरअखेर पलटण जागेवर पोचली. मोबाईल वर चालत नाही. खालच्या तळावर उतरलं तर नेटवर्क, नाहीतर पोस्टवरच्या, म्हणजे चौकीवरच्या, फोनवरून ठरलेल्या दिवशी थोडीच मिनिटं, मागे रांग उभी. म्हणून आम्ही पत्रं सुरू केली. पत्ता कसा लिहायचा हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून सांगते. नंबर, रँक, नाव, कंपनी, युनिट, मग 'मार्फत ५६ एपीओ' (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) आणि ९ ने सुरू होणारा सहा आकडी पिन. राज्य, जिल्हा, गाव काहीही लिहायचं नाही. ९ हा आकडा फौजेच्या टपालाचा, बाकी त्यांची टपालसेवा बघून घेते. जवानाची पोस्टिंग पूर्वेकडे असेल तर ५६ च्या जागी ९९. स्पीड पोस्टही जातं. आमच्या पोस्टातल्या काउंटरवर 'गाव कुठलं टाकू' असं विचारलं की मी पिन दाखवायचे.

पार्सल ऑक्टोबर संपायच्या आत टाका. बर्फ पडायच्या आधी वर हिवाळ्याचा साठा भरला जातो, पिठापासून रॉकेलपर्यंत सगळं. त्याच काळात खेचरं आणि पोर्टर वर जात असतात, तेव्हाच तुमचंही पार्सल जातं. डिसेंबरात टाकलेलं खालीच पडून राहतं. आम्ही घरचे मनुके, भाजलेले शेंगदाणे, तिखट चिवडा आणि डिंकाचे लाडू पाठवले. डबा नाही, जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या, त्यावर जुन्या धोतराचं कापड शिवून, कापडावर मार्करने पत्ता. लायटर, पॉवर बँक, बॅटरी, तेलाची बाटली घालू नका. लोकरीचे मोजे मी विणून पाठवले. ह्यांनी कळवलं की कपडे फौजेकडून चांगले मिळतात, त्यापेक्षा मनुके जास्त पाठव, चौघांत दोन दिवस पण पुरले नाहीत.

पहिलं मोठं पत्र डिसेंबरच्या सुरुवातीला आलं. कागदाला रॉकेलचा वास होता. त्यात त्यांनी बंकर कसा असतो ते लिहिलं होतं, कारण मी विचारलं होतं, झोपता कुठे. डोंगराच्या अंगात खणलेली खोली, दगडाच्या भिंती, वर लाकडाचे ओंडके, त्यावर पत्रा आणि मातीच्या पिशव्या. उभं राहिलं की डोकं लागतं. मधोमध बुखारी, म्हणजे ऊब देणारी शेगडी, तिचा पाइप बाहेर काढलेला. झोपताना एक झरोका उघडाच ठेवायचा, कितीही थंडी असो, कारण बुखारीचा धूर आत कोंडला तर झोपेतच माणूस जातो. म्हणून झरोका बघायची जबाबदारी रोज एकाची. सकाळी नाक शिंकरलं की काळं येतं. बंकरपासून मोर्चापर्यंत, म्हणजे पहाऱ्याच्या जागेपर्यंत, छातीएवढ्या खोल खंदकातून जायचं. बर्फ पडला की खंदक भरतो, मग फावड्याने तो रोज मोकळा करायचा, दुपारपर्यंत पुन्हा भरतो. उजाडायच्या आधी आणि दिवस मावळताना 'स्टँड टू', म्हणजे सगळे आपापल्या जागी हत्यार घेऊन उभे. बर्फ वितळवून पाणी. अंडं फोडायला गेलं तर दगड. एक भोटी कुत्रा पोस्टवर आहे, तो कुणाचाच नाही आणि सगळ्यांचा आहे. रात्री तो भुंकला की झोप संपली.

पत्राचा शेवट मात्र सगळा बागेचा. "छाटणीला किती दिवस झाले? डावणी आली का? नानांना सांग, फवारणीला एकट्याने जाऊ नका." डावणी म्हणजे द्राक्षावरचा रोग. आमच्याकडे ऑक्टोबर छाटणीपासून दिवस मोजतात, आणि हे वर बंकरमध्येही तसेच मोजत होते. कॅलेंडरवरची तारीख सांगितली तर म्हणायचे, "ते राहू दे, बाग कितव्या दिवसाला आहे?" मणी धरले का, मण्यांत पाणी उतरलं का, व्यापारी काय भाव बोलतोय. थॉम्पसन जातीच्या द्राक्षाच्या घडाचा फोटो मी खालच्या तळावरच्या मुलाच्या फोनवर पाठवला, त्याने वर जाताना दाखवला, तर फोनवर ती सगळी मिनिटं ह्यांनी घडाच्या आकारावर बोलण्यात घालवली. मला आधी वाईट वाटलं. सातवा महिना लागत होता, माझी विचारपूस करतील असं वाटलं होतं. नंतर कळलं की माणसाला तिथे उभं राहायला काहीतरी घरचं, रोज वाढणारं लागतं. पुढच्या फोनला मी बाग आणि बाळ दोन्हीचे दिवस एकदमच सांगायला लागले.

निफाडची थंडी महाराष्ट्रात नावाजलेली. डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर येतो, पहाटे बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, नाहीतर मणी तडकतात. नाना आणि भाऊजी तीन वाजता उठून जायचे. मी खिडकीतून बागेतला तो धूर बघायचे आणि मला तिकडची बुखारी आठवायची. आई त्या हिवाळ्यात एकदाही गोधडी ओढून स्वस्थ झोपल्या नाहीत. बर्फाच्या लाटेची बातमी टीव्हीवर आली की आमच्या घरात जेवण व्हायचं नाही. चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेकडून हिमस्खलनाचे इशारे निघतात, ते जिल्ह्यानुसार बातम्यांत येतात. ते बघायची मला सवय लागली आणि मग मी ती सोडली. इशारा वर त्यांच्यापर्यंत पोचलेलाच असतो. घरी बसून तो वाचून हातात काही येत नाही, झोप तेवढी जाते.

फेब्रुवारीत नाना मांडवाची तार ओढताना पडले, मनगट मोडलं. ह्यांना सांगायचं की नाही यावर घरात दोन दिवस वाद झाला. आई म्हणत होत्या, मुळीच नको. माझं मत होतं, सांगायचं, पण प्लास्टर झाल्यावर आणि मीच. गावातली मुलं फोन करतात, कुणीतरी अर्धवट बोलतंच, आणि वर बसलेल्या माणसाला अर्धवट बातमीने जास्त त्रास होतो. शेवटी मी फोनवर क्रमाने सांगितलं. नाना आता बरे आहेत, घरीच आहेत, मनगटाला प्लास्टर आहे, खर्च एवढा झाला, तो भागलाय, काढणीला माणसं सांगितलीत. हे एवढंच म्हणाले, "बरं केलंस सांगितलंस." तेव्हापासून आम्ही तेच धरलं. आधी सगळे कसे आहेत, मग ह्यांच्या निर्णयाची एखादी गोष्ट असेल तर ती एकच, मग बाग, आणि फोन ठेवताना भांडणाचा शब्द नाही. लपवू मात्र काही नाही. हे मी फार मनापासून सांगते. सुट्टीवर आल्यावर जवानाला कळलं की घरी काहीतरी दडवलं होतं, तर पुढच्या वेळी तो प्रत्येक 'ठीक आहे'वर संशय घेतो.

याच सुमारास बांधावरून शेजाऱ्यांची नोटीस आली, ती ह्यांच्या नावाच्या गटाची होती. यावर जास्त लिहीत नाही, कारण ते मिटलं. पण मार्ग सांगते. नाशिकला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथे जाऊन विचारा. युनिटच्या कमांडिंग ऑफिसरांकडून जिल्हाधिकाऱ्यांना पत्र जातं, त्याने कामाला गती येते. आणि दिवाणी दावाच असेल तर १९२५ चा 'इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्ट' आहे. अशा ठिकाणी तैनात असलेला जवान हजर राहू शकत नसेल तर त्या कायद्याखाली दावा थांबवता येतो. वकिलांना हा कायदा आठवून द्यावा लागला तर द्या.

बाळंतपण देवळालीच्या मिलिटरी हॉस्पिटलमध्ये, म्हणजे एमएचमध्ये, करायचं ठरवलं होतं. माहेरच्यांना वाटत होतं, लांब पडेल, जवळ खासगीत करा. मी एमएचवर ठाम राहिले. कारण खर्च नाही हे तर खरंच, पण तिथे नवरा सोबत नसलेली बाई रोजची असते, कुणी वेगळं बघत नाही. पाचव्या महिन्यात नाव घातलं. निफाडहून नाशिकला एसटीने अर्ध्या तिकिटात, नाशिकरोडहून देवळाली कॅम्पला सिटीलिंकची बस किंवा शेअर रिक्षा. सकाळी लवकर पोचा, रक्त तपासणी उपाशीपोटी असेल तर डबा सोबत ठेवा. डिपेंडंट कार्डाशिवाय खिडकीवर काही होत नाही, मूळ कार्डच न्या. ओपीडीच्या बाकावर मला जेवढी माहिती मिळाली तेवढी कुठेच मिळाली नाही. तोफखान्यातल्या एका हवालदारांच्या बायकोने मला सांगितलं की गरोदरपणाच्या तपासणीच्या वहीत पहिल्याच दिवशी तुझं नाव आधारसारखंच घालून घे, जन्मदाखला त्यावरून जातो. मी तिथल्या तिथे बघितलं, नाव बरोबर होतं.

मुलगी झाली २० एप्रिल २०२५ ला. रिअरला फोन केला, त्यांनी वर निरोप दिला, संध्याकाळी ह्यांचा आवाज आला. नीट बोलताच आलं नाही त्यांना, मागे सगळी पोरं ओरडत होती, लंगरवाल्याने, म्हणजे पोस्टवरच्या आचाऱ्याने, शिरा केला होता म्हणे. सुट्टी २६ तारखेपासून मंजूर होती.

२२ तारखेला दुपारनंतर वॉर्डात कुणाच्या तरी फोनवर पहलगामच्या हल्ल्याची बातमी आली. सव्वीस माणसं गेली, त्यात आपल्या महाराष्ट्रातलीही. वॉर्डातल्या सगळ्याच बायका फौजींच्या, सगळ्या एकदम गप्प झाल्या. एका सिस्टरने येऊन बाळाला माझ्या कुशीत नीट दिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही पाजायचं बघा." सुट्टी रद्द झाल्याचं मला कुणी सांगायची गरज पडली नाही. २४ तारखेपासून रोज रात्री एलसीवर गोळीबार सुरू झाला. १ मे रोजी बारसं केलं. नणंदेने कानात नाव सांगितलं, ते ह्यांनीच ठरवलेलं होतं, पत्रात दोन नावं लिहून एकावर खूण करून पाठवलेलं.

जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आत फुकट होते, तेवढ्यात करा. आमच्या वेळी वडिलांच्या ओळखीचे कागद लागले, ते फाईलमध्ये सही केलेले होते म्हणून काम अडलं नाही. बाळाचं नाव ठरलं नसेल तरी नोंद थांबवू नका, नाव वर्षाच्या आत विनाशुल्क घालता येतं. आणि १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना पुढे शाळा, पासपोर्ट, सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो, तेव्हा हातात पडताच प्रत्येक अक्षर वाचा.

७ मे च्या पहाटे नानांनी मला उठवलं. टीव्हीवर 'ऑपरेशन सिंदूर' चालू होतं. त्या दिवशी देशभर नागरी संरक्षणाचा सराव होता, नाशिक, मनमाड, सिन्नरची नावं यादीत होती, गावात त्याचीच चर्चा. पुढचे तीन दिवस ह्यांच्याकडून काहीच नाही. पूंछच्या बाजूला तोफगोळ्यांनी घरं पडत होती, माणसं मरत होती. आणि टीव्हीवर खरं काय, खोटं काय, काही कळत नव्हतं. हे शहर घेतलं, ते बंदर उडवलं. सैन्याच्या हालचालींचं थेट प्रक्षेपण करू नका असं सरकारने वाहिन्यांना बजावलं होतं, तरी आवाज काही कमी नव्हता. ८ तारखेला रात्री नानांनी टीव्हीची पिन काढून कपाटात ठेवली.

मी रिअरला दिवसातून एकदाच फोन करायचा असं ठरवलं, संध्याकाळी. तिथला मुलगा प्रत्येक वेळी एकच वाक्य सांगायचा, "सब राजी-खुशी है, भाभीजी." त्याला जास्त सांगता येत नसणार हे मला समजत होतं, पण तो फोन उचलत होता, त्याचाच आधार होता. सुभेदार साहेबांच्या वहिनी सांगलीच्या. त्यांनी कंपनीतल्या आम्हा बायकांना फोन करून बजावलं, कुठली पलटण कुठे आहे हे कुणी विचारलं तर 'माहीत नाही' म्हणायचं, कुणाचा व्हिडिओ पुढे पाठवायचा नाही, आणि जेवायचं. बाळंतिणीने तर जेवायचंच. दूध कमी झालं होतं माझं. आईंनी हळीवाची खीर समोर ठेवली आणि वाटी रिकामी होईपर्यंत बसून राहिल्या. त्यांनी स्वतः दोन दिवस काही खाल्लेलं नव्हतं, हे मला जाऊबाईंनी नंतर सांगितलं.

१० तारखेला संध्याकाळी पाचपासून गोळीबार थांबल्याचं जाहीर झालं. त्या रात्रीही पूर्ण विश्वास बसला नाही. ह्यांचा फोन आला तो त्यानंतर चार दिवसांनी, दुपारी. आवाज बसलेला होता. आईंना आधी दिला. त्या नुसत्या "हो, हो" म्हणत राहिल्या. मला म्हणाले, "बंकर मजबूत आहे आपला. झोप झाली नाही, बाकी काही नाही." मग बागेचं विचारलं, "खरड छाटणी झाली?" मी म्हटलं, झाली, वेळेवर झाली, नानांचा हात बरा आहे. खाली बसून रडले ते फोन ठेवल्यावर.

त्याच मे महिन्यात आमच्याकडे अवकाळी पावसाने कांदा भिजला, ते मी ह्यांना पुढच्या पत्रात लिहिलं, आकड्यासकट.

सुट्टी जूनच्या शेवटी मिळाली. जम्मूहून झेलम एक्सप्रेसने मनमाड, भाऊजी जीप घेऊन गेले होते. मुलीने पहिले तीन-चार दिवस ह्यांच्याकडे बघितलं की भोकाड पसरायचं. ह्यांना ते लागलं. सुभेदार वहिनींनी मला आधीच सांगितलं होतं, जबरदस्तीने हातात देऊ नको, त्यांना तिच्या शेजारी नुसतं बसू दे. तसंच केलं, आठवड्याने ती ह्यांचं बोट धरून झोपायला लागली. पहाटे चारला हे आपोआप जागे व्हायचे, उठून बागेत फेरी मारून यायचे. दार जोरात आपटलं की अंग ताठ व्हायचं. मी त्यावर काही विचारलं नाही, घरात दारांना अडकण लावून घेतली आणि फटाक्याचं लग्न होतं शेजारच्या गावात, तिकडे गेलो नाही. महिन्याभरात बराच फरक पडला. न पडता तर एमएचमध्ये त्यासाठी डॉक्टर आहेत, तिथे न्यायचं मी मनात ठरवून ठेवलं होतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

या सुट्टीत मुलीच्या पार्ट टूचे कागद ह्यांच्या हाती दिले. जन्मदाखला, हॉस्पिटलचा कागद, माझ्या आधारची प्रत, लग्नाच्या ऑर्डरचा नंबर आणि तारीख. टपालाने पाठवण्यापेक्षा जवानाच्या हाती दिलेले बरे, क्लार्कसमोर तो स्वतः उभा राहतो. ऑगस्टअखेर ऑर्डर पडली, एकदाही परत न येता. त्यानंतर मुलीचं नाव कार्डावर आलं, आणि नॉमिनेशन पुन्हा एकदा बघून घेतलं. मूल झालं की ते बघावंच लागतं, आपोआप काही बदलत नाही.

आता पलटण पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून दूरच्या छावणीत, आहे. फॅमिली क्वार्टरसाठी ह्यांनी जागेवर पोचल्याच्या आठवड्यातच अर्ज दिला, कारण नंबर अर्जाच्या तारखेवरून लागतो. अर्जाला दोन्ही पार्ट टूच्या प्रती आणि कार्डं जोडावी लागली. क्वार्टर फेब्रुवारीपर्यंत मिळेल असं सांगितलंय. तोवर मुलीचे डोस निफाडलाच पूर्ण करून घेते, लसीकरणाचं कार्ड तिकडच्या एमएचला चालतं. नानांचं म्हणणं आहे की खरड छाटणीला ह्यांना सुट्टी मिळाली तर एप्रिलमध्ये तिघांनीही यावं. सुट्टीचा अर्ज ह्यांनी टाकलाय.